चौथीचा वाटा

बाबा, आज यादी आली. दुपारी ऑफिसात डबा उघडला होता, वांग्याची भाजी आणि पोळी, आणि पहिला घास तोंडात असतानाच मोबाइल वाजला. डबा तसाच ठेवून मी बाहेर व्हरांड्यात गेले. यादी बघताना माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नसतो, आणि शहापूरच्या त्या कॉलेजात सगळ्यांना मी फार शांत बाई वाटते. वाटू द्या. यादीत काय होतं ते सांगते, पण लगेच नाही. तुम्ही तरी मला कधी निकाल सरळ सांगितलात का? मी घरी आले की आधी पाणी प्यायला लावायचात, मग चहा करायला, आणि मग पहिल्या फेरीपासून सगळी शर्यत हाताने हवेत गोल काढून दाखवायचात. "कोण जिंकलं तेवढं सांगा ना बाबा," म्हटलं की चिडायचात. "तुले घाई कायची हाय वो? जाळं पान्यातच हाय अजून." तर आज तसंच समजा.

आई गेल्यावर तुम्हाला एकोडीहून भंडाऱ्याला आणलं, तेव्हा तुम्ही कितीतरी दिवस धड बोलत नव्हतात. जन्मभर तलावाच्या गार पाण्यात उभं राहून गुडघे गेलेले. डॉक्टरने सांगितलं की आता पाण्यात उतरायचं नाही, आणि जन्मभर मासे धरलेल्या ढिवराने पाण्यात उतरायचं नाही म्हणजे मग दिवसभर करायचं काय? माझ्या दोन खोल्यांत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तुम्ही रिमोट दाबत राहायचात. कुस्ती शोधायचात. त्या साली दिल्लीत मोठ्या स्पर्धा चालू होत्या. एका दुपारी मी लवकर आले तर खुर्ची टीव्हीच्या नाकाशी ओढलेली आणि तुम्ही पुढे वाकून बसलेले. "ये ये, पाह! हे पोट्टे घमेल्यात सायकली चालवून राहिले!" घमेलंच होतं ते. लाकडाचा गोल ट्रॅक, कडा चहूबाजूंनी वर उचललेल्या, आणि त्या उतारावरून सायकली पडत कशा नाहीत ते देवच जाणे. तुम्ही विचारलंत, "पन हे जाऊन कुठं राहिले?" मी म्हटलं, कुठेच नाही बाबा, गोल गोल. "मंग थांबत काहून नाई?" म्हटलं, त्या सायकलींना ब्रेकच नसतो. आणि तुम्ही हसलात. असे हसलात की शेजारच्या काकू दारात येऊन बघून गेल्या. तुम्हाला सायकल येत नाही यावरून आईने तुम्हाला आयुष्यभर चिडवलं होतं, पाण्यात मासा आणि रस्त्यावर म्हैस म्हणायची ती तुम्हाला. "आता तुही माय पायजे होती," तुम्ही डोळे पुसत म्हणालात. "ज्यायले येते त्यायले बी थांबता येत नाई. मी नाई शिकलो तेच बरं झालं."

मग चौघांची शर्यत लागली. टीम परस्यूट म्हणतात तिला. ट्रॅकच्या समोरासमोरच्या दोन बाजूंनी दोन टीम सुटतात, चौघे एकामागे एक, पुढच्याच्या चाकाला मागच्याचं चाक जवळजवळ लागलेलं. पहिला वारा अंगावर घेतो, मागच्यांना त्याच्या आडोशाने जरा सोपं जातं. पहिला दमला की तो कडेने वर चढतो, बाकीच्यांना खालून जाऊ देतो आणि शेवटी येऊन चिकटतो. मी टीव्हीवरचं इंग्रजी ऐकून तुम्हाला हे सांगत होते, तर तुम्ही हातानेच मला गप्प केलंत. "समजलं मले. हे तं आपलं जाळंच ओढून राहिले." आणि लगेच मला एकोडीचा तलाव दिसला. मी लहान आहे, बांधावर शेकोटीजवळ बसले आहे, अंगावर आईचं लुगडं गुंडाळलेलं. थंडीत मोठं जाळं पडायचं, दोन्ही टोकांना दोर, एकेका दोरावर माणसं एकामागे एक. पहिला छातीभर पाण्यात, गाळ आणि वेल तुडवत वाट काढणारा. त्याचे दात वाजायला लागले की तुम्ही दुसऱ्या दोरावरून ओरडायचात, "बदल!" आणि तो बाजूला होऊन शेवटी जायचा, दुसरा समोर यायचा. कोणी कुठे उभं राहायचं ते तुम्हीच ठरवायचात आणि मोहल्ल्यात कोणी वाद घालत नव्हतं. म्हणजे घालायचे, पण मासोळी बाहेर आल्यावर.

मी पुढची गंमत सांगितली, की वेळ पहिल्याची धरत नाहीत, तिसऱ्याची धरतात. तिसऱ्याचं चाक रेघेवरून गेलं की घड्याळ थांबतं. तुम्हाला ते फारच आवडलं. मग थोड्या वेळाने विचारलंत, "आन चौथा?" मी म्हटलं, चौथ्याचं काही नाही, तो आला काय आणि नाही आला काय. बापरे! तुम्ही मला असं झापलंत की मी पन्नाशीची बाई नसून चौथीतली पोरगी असावी. "काही नाई कसं? तो पाह. त्यानं शेवटी सगळ्यायहून जास्त ओढलं आन मंग सुटला. त्याच्यातला दमच त्यायनं तिघांत वाटून घेतला. तू पहिल्याले कायले पाहून राहिली? चौथा पाह!" पन्नाशी मी उगाच लिहिली, तेव्हा चाळिशीही नव्हती माझी, पण तुम्ही झापलं की वय असंच वरखाली व्हायचं. त्यानंतर मला चौथ्याशिवाय काही दिसेनासं झालं. पोरींच्या टीममध्ये त्या काळी तिघीच असायच्या, तर तुम्ही टीव्हीलाच विचारायचात, "पोट्टीयले चौथी काहून नाई देल्ली?"

हे तुमचं कुठून आलं ते मला माहीत होतं. बांधावर मासोळीचे वाटे पडायचे, रोहू, कतला, एखादी मरळ, पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाचा एक ढीग. एका वर्षी तुमच्या बरोबरीचा एक गडी, लाजाळू, बारीक हाडाचा, पहिल्या जागेवर खूप वेळ राहिला. तुम्ही बदल म्हटलं तरी हलला नाही, आणि मग एकदम त्याचा दम सुटला. त्याला दोघांनी उचलून शेकोटीपाशी आणून बसवलं. जाळं काठाला लागलं तेव्हा तो तिथेच बसलेला होता, ओठ निळे. वाटे पाडताना जवान पोरं म्हणाली, हा तर अर्ध्यातच बसला, याला अर्धा. तुम्ही कधी शिवी देत नव्हतात, त्या दिवशी दिलीत. "बसला म्हनून त्याचा वाटा कमी? अरे, तो बसला म्हनून तू उभा हायस!" आणि तुम्ही स्वतःच्या ढिगातली मरळ उचलून त्याच्या ढिगावर ठेवलीत. आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही, कारण ती मरळ तिने मनात आधीच शिजवली होती.

घंटी तुम्ही आणलीत ती पुढच्या हिवाळ्यात. शेवटची फेरी सुरू झाली की तिकडे घंटा वाजवतात, ते तुम्हाला फार पटलेलं. एक दिवस घरी आले तर तुम्ही नाही. गुडघे धरत धरत ऑटोने बाजारात गेलेले, आणि येताना पितळेची हातात धरायची घंटी घेऊन आलात. मला म्हणालात, "हे तुले." मी म्हटलं, मला कशाला? "शेवटच्या चक्कराले वाजवाले. माया हात कापते." त्यानंतर दर शर्यतीच्या शेवटच्या फेरीला मी ती वाजवायची आणि तुम्ही उकडलेल्या शिंगाड्याची टरफलं ताटात टाकत ओरडायचं. शेजारच्या काकूंना वाटायचं आपल्याकडे आरती चालू आहे. एकदा तर त्या हात जोडूनच आल्या.

आणि तुमची निवड समिती! खरी समिती कुठे असेल ती असो, आपल्या घरी तुम्ही हाताच्या बोटांवर टीम निवडायचात. चार बोटं चार खेळाडू, अंगठा राखीव. नावं इंग्रजीत यायची म्हणून तुम्ही त्यांना आपली नावं ठेवली होती. त्यातला वाकड्या नाकाचा तुमचा फार लाडका, कारण तो नेहमी शेवटची मोठी ओढ देऊन सुटायचा. पुढच्या यादीत त्याला काढलं. मी पेपरातून वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही करंगळी दुमडलीत आणि ती बराच वेळ तशीच धरून बसलात. जेवला नाहीत. "त्यायले फक्त कोन पोचला तेच दिसते," एवढंच म्हणालात. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी बघत राहिले. पोरींच्या टीममध्ये चौथी आली, तेव्हाही मी बघत होते. मला सायकलचं काही वेड नव्हतं बाबा, तुमच्या खुर्चीत कोणीतरी बसायला पाहिजे म्हणून मी बसायची, आणि शेवटच्या फेरीला घंटी वाजवायची. दुकानात असेन, ऑफिसात असेन, मोबाइलवर बघत असेन, तरी घरी आल्यावर एकदा वाजवून टाकायची.

आता ऐका. एकोडीची एक पोट्टी आहे. आपल्याच मोहल्ल्यातली. आणि कोणाची नात आहे सांगू? त्या मरळीवाल्याची! शाळेत जायला मिळालेल्या सायकलवर ती एसटीच्या मागे लागायची म्हणे, आणि कंडक्टर खिडकीतून ओरडायचा. कोणीतरी तिला हेरलं, बाहेर शिकायला नेलं, आणि यंदा ती राज्याच्या टीममध्ये आली. चौघींत. राज्याराज्यांची राष्ट्रीय शर्यत होती, आणि तिच्यानंतर देशाच्या टीमची निवड होणार होती. तिच्या आईने तिला बजावून ठेवलं होतं की निवडीत नाव आलं तर आलं, नाही तर शर्यतीची सायकल शिकवणाऱ्यांना परत देऊन घरी यायचं आणि पोलीस भरतीची तयारी करायची. पोरगी हो म्हणाली होती. आईही काही वाईट नाही, तिला दुसरी दोन लेकरं आहेत मागे. पण मला झोप लागेना. मी रजा टाकली, एसटी पकडली आणि शर्यत बघायला एकोडीला गेले.

समाजमंदिरात पोरांनी मोठा टीव्ही लावला होता, मोबाइल जोडून. बाहेर तिचा बॅनर, आत गुलालाची पिशवी तयार. सगळा मोहल्ला बसलेला, समोर तिची आई, आणि भिंतीला टेकून तिचे आजोबा, आता अगदी वाळून गेलेले, कानाला मशीन. मध्येच चित्र अडकलं आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. कोणीतरी म्हणालं, "हे बी सायकलच चालवून राहिलं गा," आणि सगळे हसले. चित्र परत आलं तेव्हा आपली टीम जराशी मागे होती. मग आपली पोट्टी पहिल्या जागेवर आली. आणि बाबा, ती हलेचना! एक फेरी, मग आणखी, मान खाली, खांदे गच्च. तिघी तिच्या मागे ओढल्यासारख्या. पुढे असलेली समोरची टीम आता आवाक्यात यायला लागली. मी कधी खुर्चीवर चढले ते मला कळलं नाही. आणि मग ती सुटली. एकदम कडेने वर गेली, मागे पडली, एकटी. बाकीच्या तिघी समोरच्यांच्या जराशा आधी रेघेवरून गेल्या. पोरांनी गुलालाची पिशवी हळूच बाकाखाली सरकवली. तिच्या आईने पदर तोंडावर घेतला आणि उठून मागच्या दाराकडे निघाली. आणि मी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत ओरडत होते, "वा गं माझी पोट्टी! ओढलं पोरीने! ओढलं!" सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी आत्ता दगड खाणार. एक म्हातारी म्हणाली, "काय वो बाई, आपली पोट्टी मांगं राह्यली आन तुमी नाचून राहिल्या?"

मी खाली उतरले. म्हटलं, आपण जिंकलो. कोणाला पटेना. आपली पोट्टी तर तेव्हा कुठे एकटी रेघेपाशी पोचत होती. मी सांगायला लागले की वेळ तिसरीची धरतात, वारा पहिलीला लागतो, तिने तिघींचा वारा एकटीने खाल्ला, आणि माझंच बोलणं मला कॉलेजातल्या नोटिशीसारखं वाटायला लागलं. पोरं मोबाइलमध्ये बघायला लागली. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "थांबा गा." आजोबा. त्यांनी मशीन कानात नीट बसवलं. "म्हंजे हे दोरावरच्या पहिल्या मानसासारखं. नाई का?" मी म्हटलं, हो काका, तसंच. ते हसले, दात नाहीत आता. सुनेला हाक मारली. "अवो, रडतं कायले? पोट्टीचा दम सुटला. दम सुटल्यावाचून जाळं काठाले लागते का?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुया बापानं मले मरळ देल्ली होती." एवढं बोलून त्यांना ठसका लागला. पोरांनी गुलाल बाहेर काढला, आणि ज्या म्हातारीने मला झापलं होतं तिनेच पहिला माझ्या तोंडाला फासला. पण तिची आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "हे आपल्याले समजलं ताई. निवडनाऱ्यायले समजन का?" मला तुमची दुमडलेली करंगळी आठवली. मी समजेल म्हटलं, पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

तेव्हापासून आजपर्यंत मी रोज शंभरदा मोबाइल बघितला. आणि आज व्हरांड्यात उभी राहून यादी उघडली. सगळ्यात आधी राखीवचं नाव कुठे आहे ते शोधलं, मुद्दाम, म्हणजे ती तिथे असेल तर एकदाच काय ते कळावं. तिथे ती नव्हती. मग चौघींची नावं मी एकेक बोट मोजत वाचली, तुम्ही टीम निवडायचात तशी. चौघींत तिसऱ्या ओळीत तिचं नाव होतं. आडनाव, गाव, सगळं. बाबा, घेतलं त्यांनी. दम सुटलेलीला घेतलं! मी तिथेच खांबाला धरून रडले, आणि ऑफिसातल्या शिपायाने पाणी आणून दिलं, त्याला वाटलं घरी कोणी गेलं. मी एकोडीला फोन लावला. तिच्या आईने ऐकलं आणि फोन तसाच चालू ठेवून धावत गेली, मला नुसता तिच्या चपलांचा आवाज येत होता, मग लांबून म्हाताऱ्याचं ठसकणं, मग खूप माणसं एकदम. संध्याकाळी पोट्टीने स्वतः फोन केला. म्हणाली, आजोबा सांगतात तुमचे बाबा पण सायकलवाले होते. मी म्हटलं, नाही गं बाई, त्यांना सायकल चालवताच येत नव्हती. ती इतकी हसली, बाबा, की मला आई आठवली.

हे पत्र मी कुठे टाकणार? एकोडीच्या पत्त्यावर टाकलं तर पोस्टमन ओळखीचा आहे, तो उलट मलाच आणून देईल आणि वर चहा पिऊन जाईल. ठेवून देते घंटीखाली. आणि घंटीवरून एक सांगायचं राहिलं. ती मी त्या दिवशी एकोडीला नेली होती. पिशवीत, टॉवेलात गुंडाळून, समाजमंदिरात सगळ्यांसमोर वाजवायची म्हणून. येताना लाखनीच्या अलीकडे एसटी खड्ड्यात आदळली आणि पिशवीत ती वाजली, तेव्हा मला कळलं की मी ती बाहेर काढलीच नाही. शेवटची फेरी आली, तिकडे घंटा झाली, आणि मला तुमची आठवणच नव्हती. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी फक्त तिला बघत होते.